मित्रदेश आणि दहीवडे

“मित्र म्हणायचं आणि वर तपासायचं, हे कुठलं बाई?”

आमच्या ओळखीच्या एक काकू हे मला नाही, आईला म्हणाल्या. मी शेजारीच कागदी प्लेट्स सुट्या करत होते. वॉशिंग्टनजवळच्या अ‍ॅशबर्नच्या पार्कात आमच्या मराठी मंडळींची पिकनिक होती आणि बाबांनी आल्या आल्या माझ्या नोकरीची जाहिरात केली होती. मी वॉशिंग्टनला एका लोकप्रतिनिधीच्या ऑफिसात काम करते. तेव्हा आमच्याकडे एक विधेयक होतं: ज्या मित्रदेशांचे लोक व्हिसाशिवाय अमेरिकेत येतात, तिथून दहशतवादाचा धोका किती, हे सरकारने दर वर्षी तपासावं.

एका काकांनी भारत त्यात आहे का विचारलं. नाही म्हटल्यावर ते खट्टू झाले. तपासण्याइतकंही आपल्याला जवळचं मानत नाहीत, अशी त्यांची तक्रार. मी नुसती हसले. शाळा सगळी इंग्रजीत झाल्यामुळे माझं मराठी अशा वेळी प्लेट्सच्या मागे लपतं.

तोवर काकूंनी दहीवड्यांचा ट्रे उघडला. त्या दोन तासांवरच्या रिचमंडहून आल्या होत्या. वाटेत देवळात दर्शन, मग इंडियन ग्रोसरीत भाजी. ट्रे तेवढा वेळ डिकीत, भर उन्हाळ्यात. हे त्यांनीच कौतुकाने सांगितलं होतं. मागच्या वर्षी त्यांचेच दहीवडे खाऊन अर्धी पिकनिक पार्कातल्या एकुलत्या एक रेस्टरूमबाहेर रांगेत उभी होती. सगळ्यांनी एकमताने हवेला दोष दिला. काकू इतक्या प्रेमळ, की त्यांना बोलणार कोण?

आमच्यात पहिली प्लेट सगळ्यात मोठ्या माणसाची, म्हणजे माझ्या आजीची. दुसऱ्या दिवशी तिचं पुण्याला परतीचं विमान होतं आणि सीट खिडकीची. दोन अनोळखी माणसांना ओलांडून ती किती वेळा उठणार, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोर आलं. मी आईकडे पाहिलं. ती झाडं बघायला लागली. बाबांनी न वाजलेला फोन कानाला लावला. काकूंनी दोन वडे वाढले, वर चिंचेची चटणी घातली. आजीने चमचा उचलला.

मी प्लेटवर हात ठेवला.

“काकू, तुम्ही मित्र आहात म्हणूनच विचारते. हे दही गाडीत किती वेळ होतं?”