पेवात पहिले अण्णा

शेहेचाळीस साल. दसरा तोंडावर आला होता. आमच्या सांगलीच्या घरात त्या सकाळी सगळं नेहमीसारखं चाललं होतं, फक्त अण्णा, माझे वडील, अंथरुणात होते. चार दिवस तापानं फणफणलेले. आई पेज निववत होती, मी शाळेसाठी वेणी घालत होते, तोच दार धडधडलं.

दारात रंगूबाई. अण्णांच्या हळदीच्या धंद्यात पंधरा वर्षं राबणाऱ्या आकारामची बायको. गावाजवळच्या हरिपुराहून पळत आली होती.

"आण्णा, पेव आत्ताच उघडलंया, आन् मुंबईचा दलाल म्हनतोय, उतरा. आमचं मानूस म्हनतंय, आण्णा न्हाईत तर मी पयला जातो."

अण्णा उठून बसले. "टांगा बोलवा."

"ताप बघा आधी!" आई म्हणाली. मग त्यांचा चेहरा बघून माझ्याकडे वळली. "शरयू, तूही जा. एका जागी बसवून ठेव त्यांना." जसं काही ते मला जमणार होतं!

पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं हळदीचं कोठार. तोंड माणूस जेमतेम मावेल एवढं. महिनोन्‌महिने बंद राहून आतली हवा मारक होते. म्हणून उघडल्यावर काही तास थांबायचं, मग पेटता कंदील आत सोडायचा. तो तेवत राहिला तरच माणूस उतरवायचा. हे सगळेच व्यापारी जाणत. अण्णांचं वेगळं एवढंच, की आमच्या पेवात पहिले तेच उतरत. पहिली पाटी स्वतः भरत, मग हमालांना हाक देत. संध्याकाळी घरी आले की दारापासून आडापर्यंत पिवळी पावलं उमटत आणि आई करवादे. बाजारात टिंगल व्हायची, "काय अण्णा, मालक की हमाल?"

"दोन्ही," अण्णा म्हणत, "पण मजुरी एकाचीच घेतो."

कारण त्यांनी आईला एकदाच सांगितलं होतं. तरुणपणी दुसऱ्या एका पेढीवर दिवाणजी असताना एक हमाल घाईत पेवात उतरला, तो जिवंत वर आला नाही. 'उतर' म्हणणारे अण्णाच होते.

चिंचांच्या सावलीतून आम्हा तिघांना घेऊन टांगा हरिपुरात पोचला, तेव्हा आकाराम पेवाच्या तोंडाशी पाय सोडून बसला होता.

"ऊठ तिथनं!" अण्णांचा तसा आवाज मी पुन्हा कधी ऐकला नाही.

दलालानं घड्याळ पुढे केलं. "अण्णासाहेब, बाराला मालगाडी. डबा रिकामा गेला तर सौदा मोडला समजा."

"समजलो. कंदील सोडा."

कंदील दोन पुरुष खोल गेला आणि विझला. रंगूबाईनं आकारामचा दंड घट्ट धरला.

दलाल पाय आपटत निघून गेला. सौदा गेला तो गेलाच. त्या दिवाळीला आम्ही जुन्याच कपड्यांत होतो. अण्णा लिंबाखाली घोंगडं पांघरून बसून राहिले. कंदील आणखी दोनदा विझला. ऊन कललं तेव्हा कुठे तेवत राहिला. अण्णा धोतर खोचत उठले आणि भोवंडून पुन्हा खाली बसले.

"आवं, तुमास्नी वर काढायलाच चार गडी लागतील," आकाराम हसला. "मग हळद कोन काढनार? आज मी जातो पयला. आता भ्या न्हाई."

अण्णा बराच वेळ पेवातल्या त्या उजेडाकडे बघत राहिले. मग त्यांनी होकारार्थी मान हलवली. आकारामनं कमरेला दोर बांधला आणि दुसरं टोक एका गड्याकडे द्यायला वळला.

अण्णांनी हात पुढे केला.

"आकाराम, दोर मला धरू दे."