माळकरी मामांचा तळपाय

विज्ञान आणि श्रद्धा यांचा झगडा माणसाइतकाच जुना आहे असं म्हणतात. मी पाहिला तो दहा मिनिटांत मिटला. आयोडीनचा वास आला की दोन हजार सालानंतरचं, गंगापूर रोडवरचं ते क्लिनिक आठवतं. सटाण्याच्या माझ्या मामांच्या तळपायाला मधुमेहामुळे जखम होऊन पू झाला होता. सर्जननी ती साफ केली होती, पण भरली नाही तर पाय गुडघ्याखाली कापावा लागणार होता. त्यांनी जखम भरून यावी म्हणून तिच्यावर लावायचा कोलॅजनचा पातळ पांढरा पडदा चिमट्यात धरला आणि सत्कार समारंभात बोलावं तसं त्यावर भाषण केलं. भाषण संपल्यावर मामांनी विचारलं, "पण हाई कशापासून बनेल शे?" "माशाच्या कातडीपासून." मामांनी पाय मागे घेतला. ते माळकरी, घरात अंडंही शिजत नसे. "मंग ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले, "कापा." सर्जननी चिमटा ट्रेमध्ये ठेवायला घेतला. मामी डब्याची पिशवी मांडीवर सावरत म्हणाल्या, "माळ गळामा शे, पायमा नही. लावा डॉक्टर." पडदा लागला, जखम तीन महिन्यांत भरली. मामा आता ऐंशीचे आहेत आणि मासळीबाजारासमोरून नाकाला रुमाल लावून जातात, चालत.