एकाच चिठ्ठीचा प्रचार

निवडणुकीला उभे राहणारे पुष्कळ असतात, पडणारे त्याहून पुष्कळ. पण निवडणूक अंगात येणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझ्या बायकोचा मामा निघाला. नवी मुंबईतल्या करावे गावातल्या या गृहस्थांना पक्ष नाही. सकाळी एकाचं उपरणं, संध्याकाळी त्याच्या विरोधकाचं, आणि वडापाव दोघांचेही. कुणी टोकलंच तर म्हणतात, "पोरं सगली गावचीच. लगीन कुनाचा बी असो, वरातीत नाचाया नको?" मतदारयादी तर इतकी पाठ, की आमच्या लग्नात त्यांनी आहेराच्या पाकिटावर भाचीचं नाव घालून पुढे तिचा अनुक्रमांकही टाकला होता. ते पाकीट बायकोनं अजून जपून ठेवलंय.

मतदानाआधीचा शनिवार-रविवार आम्ही त्यांच्याकडेच असतो. यंदाही गल्लीत तीन रिक्षांचे कर्णे एकमेकांवर ओरडत होते, मामी कोळंबी सोलत होत्या आणि मामा नवी यादी मांडून बोटानं एकेक घर वाचत होते. स्वतःच्या घरापाशी बोट थांबलं. मामांचं नाव होतं, मामींचं होतं, मुलाचं नव्हतं.

मुलगा तीन वर्षांपूर्वी, घर बिल्डरला द्यावं की नाही यावरून भांडून खारघरला राहायला गेला. तेव्हापासून बोलणं बंद. पण नाव करावेच्या यादीत असल्यामुळे मत द्यायला यायचा. गेल्या दोन्ही निवडणुकांत मामा केंद्राबाहेर टेबल टाकून बसले, त्याची मतदार-चिठ्ठी काढून दिली आणि म्हणाले, "खोली नंबर दोन." एवढ्या काळात बापलेकांचं बोलणं काय ते तेवढंच. आता त्यानं नाव खारघरला हलवलं होतं.

"काय झाला?" मामींनी विचारलं.

"काय नाय. छापनाऱ्याची चूक हाय."

त्या संध्याकाळी मामा एकाही सभेला गेले नाहीत. असं मी पहिल्यांदाच पाहिलं.

रविवारी सकाळी मात्र कपडे करून दारात उभे. "गाडी काढा, जावय. खारघरला प्रचार हाय." खारघरमध्ये त्यांना काळं कुत्रं ओळखत नव्हतं. पण समोर दिसलेल्या पहिल्याच उमेदवाराच्या कार्यालयात ते घुसले, दोन घोषणा अशा ठोकल्या की तिथले कार्यकर्ते त्यांना खुर्ची द्यायला धावले. अर्ध्या तासात मुलाच्या इमारतीच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा मामांच्या हातात होता. त्यांनी त्यातली एक चिठ्ठी काढून घेतली आणि बाकीचा गठ्ठा परत केला.

अकराव्या मजल्यावर मुलानंच दार उघडलं. मामांनी चष्मा नीट केला आणि परक्या घरी वाचावं तसं वाचलं, "अनुक्रमांक दोनशे सात. शालेची नवी इमारत, खोली नंबर चार. सकाली लवकर जा, मंग उन्हाचा तरास होतो."

मुलानं चिठ्ठी घेतली. मग हळूच म्हणाला, "बाबा, आत या ना."

माझा एक बूट तर काढूनही झाला होता.

"नको," मामा म्हणाले, "अजून चार मजले वाटायचे हायत."

लिफ्टमध्ये मला त्यांचा राग आला; हातात तर वाटायला एकही चिठ्ठी नव्हती. "बोलावत होता तो, मामा. जायचं होतं की."

मामा उतरत्या आकड्यांकडे बघत राहिले. तळमजला आला, दार उघडलं, तरी हलेनात.

"जावय," ते म्हणाले, "इथली पुढची निवडनूक कवा हाय?"