वैजयंती लवटेची सुनावणी

सांगोल्याच्या जोतीराम लवटे यांच्या थोरल्या मुलीला, वैजयंतीला, जन्मापासून ऐकू येत नव्हतं. सोलापूरच्या कर्णबधिर शाळेत खेळाच्या शिक्षिका शकुंतलाबाईंनी तिला धावायला लावलं आणि कर्णबधिरांच्या राष्ट्रीय स्पर्धेत दोनशे मीटरमध्ये तिनं दोनदा रौप्यपदक आणलं.

खेळाडूंसाठी राखीव असलेल्या क्रीडाशिक्षकाच्या जागेसाठी तिनं अर्ज केला, तेव्हा भरतीच्या कचेरीतल्या कारकुनानं प्रमाणपत्र उलटंपालटं करून पाहिलं आणि कागदावर लिहून दिलं : ‘दिव्यांगांसाठी फक्त पॅरालिम्पिक समितीचं चालतं.’

म्हणून ती पॅरा स्पर्धेला गेली. खेळाडूंचे वर्ग ठरवणारे तिथले डॉक्टर भले होते. ते म्हणाले, “आमच्याकडं हातपाय, डोळे आणि समज यांचे वर्ग आहेत. कानाचा वर्गच नाही. तुमची संघटना वेगळी.” ती तशीच परत आली. कारकुनानं खांदे उडवले.

चार वर्षं हेच चाललं. मग राष्ट्रीय क्रीडा समितीच्या नव्या नियमावलीचा मसुदा निघाला. त्यात एक ओळ होती : ‘सर्व दिव्यांग खेळाडू पॅरा खेळाडू मानले जातील.’ वैजयंतीनं हरकत पाठवली आणि तिला पुण्याला सुनावणीचं बोलावणं आलं. तिच्या खुणा बोलून दाखवायला शकुंतलाबाई सोबत गेल्या.

अध्यक्ष शकुंतलाबाईंकडं वळून म्हणाले, “त्यांना विचारा, त्यांचं म्हणणं काय आहे?”

वैजयंतीनं टेबलावर बोट वाजवलं. “हरकत माझी आहे. माझ्याकडं बघून विचारा.”

अध्यक्ष जरा ओशाळले आणि तिच्याकडं बघून बोलू लागले.

ती म्हणाली, “कर्णबधिरांची पहिली जागतिक स्पर्धा १९२४ साली पॅरिसला झाली. तेव्हा पॅरालिम्पिक सुरूही झालं नव्हतं. आमच्या खेळांना आम्ही डेफलिम्पिक्स म्हणतो. बौद्धिक दिव्यांगांचं स्पेशल ऑलिम्पिक्स आणखी निराळं. ज्याचं जे नाव, ते तसंच लिहा.”

“तीन नावं ठेवली तर लोकांचा गोंधळ होईल,” एक सदस्य म्हणाले.

“एका नावाचा गोंधळ मी चार वर्षं सोसलाय.”

दुसऱ्या सदस्यांनी विचारलं, “म्हणजे तुम्हाला पॅरा खेळाडूंत बसायचं नाही?”

हा प्रश्न तिला लागला. “त्यांच्याशी माझं भांडण नाही. त्यांच्या मैदानावर मला जागा नाही, एवढंच.”

कर्णबधिरांच्या दोन संघटना भांडत असतील तर खरी कुठली मानायची, असंही त्यांनी विचारलं. त्याचं उत्तर तिच्याकडं नव्हतं. तिनं तसं सांगून टाकलं.

आठ महिन्यांनी नियमावली आली. तिन्ही चळवळी आपापल्या नावानं, वेगळ्या नोंदवलेल्या होत्या आणि भरतीला तिन्हींची प्रमाणपत्रं चालणार होती. मात्र नियम पुढच्या भरतीपासून लागू होता आणि वैजयंतीचं वय मर्यादेच्या तीन महिने पुढं गेलं होतं.

जोतीराम सोलापूरला आले. तिला ओठ वाचता यावेत म्हणून सावकाश बोलले, “मग तुला काय गावलं गं?”

“मला न्हाय गावलं,” तिनं खुणेनं सांगितलं आणि दोन दिवस ती मैदानाकडं फिरकली नाही.

आता ती जुन्या शाळेत तासिका तत्त्वावर खेळ शिकवते. नव्या नियमानं झालेल्या पहिल्या भरतीत करमाळ्याची ऋतुजा निवडली गेली. ती कर्णबधिरांच्या स्पर्धांत गोळा फेकायची. तिची नि वैजयंतीची ओळख नाही.