रेघा नसलेले अंगठे

भाचीनं आजऱ्याहून काजूच्या बिया आणल्या. भाजताना टरफलांचा उग्र, तेलकट धूर स्वयंपाकघरात पसरला आणि मी नव्वदच्या दशकातल्या, कोल्हापुरातल्या एका दुपारी जाऊन पोचले.

विद्यापीठातल्या कॉम्प्युटरच्या खोलीत चपला बाहेर काढून जायचं. गार फरशी, एसीची गुणगुण आणि कारखान्यात काजू फोडणाऱ्या बायकांचे, मी भरून आणलेले फॉर्म मांडीवर. वय, कामाचे तास, झोप, हातांची आग, या सगळ्यांचा एकमेकांशी संबंध एकाच वेळी कसा तपासायचा, ते सर मला शिकवत होते. बहुचल विश्लेषण! शब्दसुद्धा मंत्रासारखा वाटायचा.

पण मशीननं एक रकाना घेतलाच नाही. हातांची आग.

"सगळ्यांचं उत्तर एकच हाय की," सर म्हणाले. "फरकच न्हाय तर ते शोधणार काय? काढून टाक."

मी काढला. कारखान्यात मी विचारताना मुकादम शेजारीच उभा असायचा. "हात दुखतात का, आग होते का?" "न्हाय की, बाई!" प्रत्येकीनं हसून सांगितलेलं.

फॉर्मच्या तळाशी संमतीचे अंगठे होते. निळे, गुळगुळीत डाग, एकावरही रेघ नाही. शाई जास्त झाली असेल, असं वाटून मी गठ्ठा बांधला होता. टरफलाचं तेल कातडी खातं, हे मला ठाऊक होतं, तरीही.

आज बी फोडताना तेच तेल अंगठ्याला लागलं. नळाखाली हात धरून किती तरी वेळ उभी होते.

"मावशी, दुखतंय काय गं?" भाचीनं विचारलं.

"न्हाय की," मी म्हणाले. हसूनच.