नेन्याचे सिंह

किस्से काही कुणी ठरवून साठवत नाही. केलरमध्ये, म्हणजे तळघरात, रिकामी खोकी साठतात, तसे ते साठतात. घर सोडायची वेळ आली की कळतं, अरे बापरे, किती झाले! जर्मनीत त्सुफेनहाउझेनच्या आमच्या ऑफिसात जेवायला एक मराठी टेबल होतं. त्यातले निम्मे किस्से नेन्याचे.

नेने गिअरबॉक्सचा इंजिनिअर, पण वेड जुन्या ढालींवरच्या चिन्हांचं. ढालीवरचा प्राणी उभा कसा, बसलाय कसा, प्रत्येक पोझला म्हणे वेगळा शब्द असतो. सुट्टीत गावोगावच्या राटहाउससमोर, म्हणजे नगरपालिकेसमोर, हा तासभर उभा आणि वहिनी थंडीत गाडीत.

*

मंडळाच्या शिवजयंतीच्या बॅनरवर सिंह होता. नेन्याने नाक मुरडलं. चारही पाय जमिनीवर म्हणजे नुसता उभा. पुढचा एक पंजा उचला की तो चालायला लागतो, असं त्याचं म्हणणं. आमचे अध्यक्ष वैतागले.

"चालून जाणार कुठे? हॉल सहापर्यंतच आहे!"

*

मग आमचा विभाग बंद करायची मीटिंग झाली. साहेब बोलत होते आणि आम्ही नंदीबैलासारखे 'गेनाऊ, गेनाऊ', अगदी बरोबर, अगदी बरोबर, करत होतो. बाहेर आल्यावर मी नेन्याला डिवचलं, आज आपली कुठली पोझ होती रे?

"शेपूट पायांत घातलेला सिंह. त्यालाही शब्द आहे. भित्रा."

हसलं कुणीच नाही. मला तर लाज वाटली.

*

त्याच हिवाळ्यात त्याला पोटाचा कॅन्सर निघाला. केमोनंतर भेटायला गेलो, तर हा उशीवरून डोकं उचलून धरलेला. मानेच्या शिरा टरारलेल्या. मी चिडलोच, अरे बाबा, पड ना गप!

"आडवा सिंह दोन प्रकारचा," तो म्हणाला. "डोकं वर असेल तर नुसता पहुडलेला. डोकं पंजांवर टेकलं की झोपलेला. सांगलीहून आई येतेय. तिला मी झोपलेला दिसायला नको."

आईंचा व्हिसा होईपर्यंत त्याने तेवढा एकच ध्यास घेतला होता. रोज सराव करायचा.

*

आई पोचल्या त्या दुपारी नेने शुद्धीवर नव्हता. डोकं एका बाजूला कललेलं. आई दाराबाहेर व्हीलचेअरवर बसून पुन्हापुन्हा विचारत होत्या, आत येऊ का गं?

वहिनींनी डोळे पुसले. अंगातलं जॅकेट काढून त्याची घडी घातली आणि उशीखाली सरकवली. मग माझंही मागितलं. त्याचं डोकं दोन्ही हातांनी सरळ करून वर टेकवलं, केस नीट केले आणि दार उघडलं.

"या ना आई," त्या म्हणाल्या. "जागाच आहे तो."