रुखसाना आपांची जकात

रमजानात चार बायका हिशेबाला बसल्या की किस्से आपोआप साठतात. नव्वदच्या दशकात ह्यांची एअर फोर्सची पोस्टिंग लखनौला होती, तेव्हाचे हे किस्से. आम्ही तेलीबागेत भाड्यानं राहायचो. शेजारी रुखसाना आपा. त्यांच्या अंगणात आमचा जकातीचा हिशेब चालायचा. वर्षभर शिल्लक राहिलेल्या पैशा-सोन्याचा चाळिसावा हिस्सा गरिबाला द्यायचा, ती जकात. पण शिल्लक एका मर्यादेच्या वर हवी. तिला निसाब म्हणतात.

*

पहिल्याच वर्षी माझी फजिती! आम्ही रत्नागिरीचे, शाफई पंथाचे. आमच्यात बाईच्या अंगावरच्या दागिन्यांना जकात नाही. लखनौवाल्या हनफी, त्यांच्यात आहे. मी बांगड्या न काढता मजेत बसले, तर सगळ्या माझ्या हाताकडे बघायला लागल्या. मी बिचारीनं समजावून सांगितलं.

आपा म्हणाल्या, "अच्छा, पहन लो तो माफ? फिर तो तुम्हारे यहाँ औरतें सोती भी लदकर होंगी!"

मग काय, सगळ्यांनी मला महिनाभर पिडलं.

*

आपांचं सोनं माहेरचं. रोख हातात नसायची, म्हणून वर्षभर लोकांचे कपडे शिवून जकातीचे पैसे जमवायच्या. एकदा त्यांचे मिस्टर म्हणाले, "तुम्हारी ज़कात मैं भर देता हूँ न."

"सोना मेरा, तो फ़र्ज़ भी मेरा. आप अपने बैंक का देखिए!"

भाईसाहेब गुपचूप उठून आत गेले.

*

जकातीसाठी सोनं तोलायला सोनाराकडे गेल्या, तिथंही तेच. तो बिचारा चांगुलपणानं म्हणाला, "हार बहुत घिस गया है, थोड़ा कम लिख दूँ?"

आपा भडकल्या. "अल्लाह के हिसाब में डंडी मारूँ? पूरा तौलो!"

*

मग भाईसाहेबांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. बँकेतलं संपलं, हार गेला, कंगन गेले, मुलीच्या लग्नाचा सेटही गेला. भाईसाहेब वाचले, देवाची कृपा.

त्या रमजानात आपांनी कानातल्या बाळ्या काढून माझ्यासमोर ठेवल्या. "हिसाब कर दो."

मी म्हटलं, "आपा, निसाब पूरा नहीं होता. इस साल आप पर कुछ नहीं बनता."

त्यांनी परत विचारलं. मी परत तेच सांगितलं. तशा त्या तोंडाला ओढणी लावून रडायला लागल्या. ऑपरेशनच्या दिवशी रडल्या नव्हत्या हो! "शादी के बाद कोई साल ख़ाली नहीं गया," एवढंच म्हणत राहिल्या.

*

घरी आले तर हे म्हणाले, "आपल्या बँकेतल्या पैशांची जकात यंदा आपांना दे. आता त्यांचा हक्क आहे."

हक्क आहे, पटलं. पण जिनं आयुष्यभर दिलं, तिच्या हातावर ठेवायची कशी? घेणाऱ्याला ती जकात आहे असं सांगावं लागत नाही, तेवढाच काय तो आधार. ईदच्या आदल्या संध्याकाळी ईदची भेट म्हणून पैशांचं पाकीट घेऊन गेले.

"आपा, आपकी ईदी."

आपांनी पाकीट हातात घेतलं. माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना कळलं होतं. आता परत करतात की काय, या भीतीनं माझी मान वर होईना.

आपा आत जाऊन पाकीट कपाटात ठेवून आल्या. माझ्याजवळ बसल्या आणि हळूच विचारलं, "साल भर इसे हाथ न लगाऊँ, सिलाई का भी इसी में जोड़ती जाऊँ, तो अगले रमज़ान मुझ पर बनेगी न?"